बाहेरच्या हवेवर जळणारा हीटर घे

जिंतूर, जि. परभणी
१२ डिसेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, बोटीच्या केबिनमध्ये हात आखडतात, गॅसचा छोटा हीटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

तो घेऊ नकोस. तू तीन वर्षांचा होतास तेव्हाची गोष्ट. आपल्याकडं त्या साली हिव फार पडलं होतं. आजीनं कोळशाची शेगडी खोलीत घेतली आणि दार-खिडकी गच्च लावून घेतली. सकाळी हाका मारून दार उघडेना. कडी तोडून आत गेलो तर आजी निपचित पडलेली, उशाशी उलटी. खोलीत धूर नव्हता रे, वाससुद्धा नव्हता. निखाऱ्यावर राख धरलेली आणि आत अजून लाली. उचलून ओसरीवर आणली, वाऱ्यानं वाचली. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळण्यातून होणारा विषारी वायू, असा असतो. उघडा गॅस जळतानाही तो होऊ शकतो. तुझी केबिन तर त्या खोलीपेक्षा लहान.

शिवाय तू सांगतोस की छतातून थेंब गळतात, गादीखाली ओल येते. उघडा गॅस जाळलास तर ओल वाढेल. एक किलो गॅस जळताना दीड लिटरवर पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. आणि गॅस गळाला तर हवेपेक्षा जड असल्यानं बोटीच्या तळात साठून बसेल.

लाकडाची चूल मला आवडते, तिला बॅटरी लागत नाही. पण स्कॉटलंडच्या पावसात कोरडं लाकूड ठेवशील कुठं?

डिझेलचा, पंख्यानं गरम हवा सोडणारा हीटर घे. जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर टाकतो. दोन किलोवॅटचा पूर्ण चालला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल. बॅटरीचा हिशेब मात्र आधी कर: पेटताना काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो, नंतर एक-दोन. रात्रभराचे वीसेक अँपिअर-तास धर. हिवाळ्यात तिकडं सोलरवर विसंबू नकोस.

आयुष्य ऑइल इंजिनं उघडण्यात गेलं, तेवढ्यापुरतं खात्रीनं सांगतो. सतत मंद चालवलास तर आत काजळी धरते. अधूनमधून अर्धा तास पूर्ण जोरात चालव. डिझेलची नळी टाकीच्या तळाला टेकवू नकोस, तळात पाणी आणि गाळ बसतो. नळी वर राहिली की हीटरनं टाकी कोरडी पडत नाही, इंजिनापुरतं डिझेल उरतं. धुराचा पाइप फार तापतो, त्याला लाकूड लागू देऊ नकोस. बाहेरचं तोंड पाण्याच्या रेषेच्या चांगलं वर ठेव, आणि पाइपाला आतून वर उंच वळण दे, म्हणजे लाट आत शिरणार नाही.

मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ लाव, हीटर बसायच्या आधी.

आईनं तुझ्यासाठी वाकळ शिवायला घेतली आहे, तिच्या जुन्या लुगड्यांची. संक्रांतीपर्यंत होईल म्हणते.

फिटिंग झालं की धुराच्या पाइपाच्या एकेका जोडाचा जवळून फोटो पाठव. मला बघायचाय.

तुझा,
बाबा