डिस्क भरली म्हणून लॉग पुसू नका

महोदय,

प्रवेशाची यादी असो, नगरपालिकेचा करभरणा असो की पतसंस्थेचा काउंटर, सेवा ठप्प झाली की काचेवर 'तांत्रिक कारणास्तव' अशी चिठ्ठी लागते. त्यामागे पुष्कळदा फार साधे कारण निघते: सर्व्हरच्या डिस्कवर जागाच उरलेली नसते. डेटाबेस नवी नोंद घेत नाही, सेशनची फाइल तयार होत नाही म्हणून लॉगिन होत नाही, आणि सगळेच बिघडल्यासारखे दिसते. पण खरे नुकसान होते ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात. कोणीतरी घाईघाईने 'लॉग' (प्रणालीत काय घडले याची नोंद ठेवणारी फाइल) नावाचे जे दिसेल ते पुसत सुटतो. मग एक तर जागा मोकळी होत नाही, किंवा होते आणि डेटाबेस पुन्हा उठतच नाही.

हे फक्त लहान संस्थांत घडते असे नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सर्व १४ कारखाने थांबले. नंतर कंपनीनेच कारण जाहीर केले. २७ तारखेच्या नियमित देखभालीत डेटाबेसमधला साठलेला डेटा पुसून नीट लावताना डिस्कवरची जागा संपली होती. पर्यायी सर्व्हर त्याच प्रणालीवर असल्याने तोही कामी आला नाही. जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवला तेव्हा गाडी रुळावर आली. म्हणजे जागा संपली ती साफसफाई करताना!

यात नवल नाही. डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी डिलीट केल्याने डिस्क मोकळी होत नाही. फाइलच्या आत पोकळी तयार होते आणि ती पुढच्या नोंदींसाठी वापरली जाते. ती पोकळी काढायची तर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'ऑप्टिमाइझ टेबल', पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'व्हॅक्यूम फुल' चालवावे लागते, आणि दोन्ही आधी त्या टेबलची नवी प्रत लिहितात, मग जुनी काढतात. टेबलमधला जिवंत डेटा ६० जीबी असेल तर साधारण तेवढीच जागा आधी हाताशी हवी. 'व्हॅक्यूम फुल' चालू असेपर्यंत ते टेबल कुलूपबंद राहते, ते वेगळेच. भरलेल्या डिस्कवर, भर कामाच्या वेळी हे करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हणून आधी मोजावे. लिनक्सवर 'डीएफ -एच' (किती जागा वापरली) आणि लगोलग 'डीएफ -आय' (फाइलींच्या किती नोंदी वापरल्या). दुसरी आज्ञा लोक विसरतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टीममध्ये नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक आयनोड (एका फाइलची नोंद ठेवणारी जागा) असतो, म्हणजे १०० जीबीला सुमारे ६५ लाख. पीएचपीच्या सेशन फाइली किंवा अडकलेली मेल साठत गेली की जीबी शिल्लक असूनही 'जागा नाही' असाच संदेश येतो. लाखो फाइलींवर पुसण्याची 'आरएम *' ही आज्ञा चालत नाही, यादी फार लांब असल्याची तक्रार येते. तिथे 'फाइंड'ला दिवसांची अट घालून '-डिलीट' वापरावे.

मग कोणता फोल्डर किती जागा खातो हे पाहायला 'डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /' चालवून 'सॉर्ट -एच'ने लावून घ्यावे. 'एक्स' हवाच, नाहीतर दुसऱ्या डिस्काही त्यात मिसळतात. आता दोन आकडे शेजारी ठेवा. 'डीएफ' म्हणते ९५ जीबी वापरले, 'डीयू'ची बेरीज भरते ५५. हे ४० जीबी गेले कुठे?

बहुतेक वेळा उत्तर असे असते की कोणीतरी चालू लॉग फाइल आधीच पुसलेली आहे. लिनक्समध्ये फाइलचे नाव काढले तरी ती उघडून बसलेला प्रोग्रॅम सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. 'एलएसओएफ +एल१' चालवले की अशा फाइली 'डिलीटेड' शेऱ्यासह, प्रोसेस क्रमांकासकट दिसतात. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते. रीस्टार्ट परवडत नसेल तर 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या 'एफडी'खालची नोंद शोधून ती रिकामी करता येते. मुळात चालू लॉग पुसायचाच नसतो. आधी त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन 'ट्रंकेट -एस ०'ने शून्यावर आणायचा. त्यातही एक मेख आहे. प्रोग्रॅम शेवटी जोडत लिहिणारा नसेल तर पुढची ओळ तो जुन्याच ठिकाणी लिहितो. मग 'एलएस' फाइल पुन्हा ४० जीबीची दाखवते, जागा मात्र जवळपास शून्य खाल्लेली असते. घाबरून ती परत पुसू नये.

तफावतीचे दुसरे कारण अधिक फसवे. रात्रीचा बॅकअप ज्या डिस्कवर जायचा ती रीबूटनंतर माउंटच झालेली, म्हणजे प्रणालीला जोडलीच गेलेली, नसते. बॅकअप तरीही चालतो आणि त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच लिहितो. नंतर कोणी डिस्क माउंट केली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. मुख्य फाइल सिस्टीम 'माउंट --बाइंड'ने दुसरीकडे जोडली की खालचे उघडे पडते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला, डिस्क जोडलेली आहे का ते तपासणारी 'माउंटपॉइंट -क्यू'ची एक ओळ घातली तर हा प्रकार होतच नाही.

आता लॉगविषयी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. त्यामुळे 'गेल्या महिन्याचे उडवून टाका' हा सल्ला कायद्याच्याही आड येतो. लॉग दाबून (कॉम्प्रेस करून) दुसऱ्या डिस्कवर न्यावेत. साधा मजकूर 'जीझिप'ने बहुधा दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. 'जीझिप'सुद्धा आधी नवी फाइल लिहिते, म्हणून अगदी शून्य जागा असताना आउटपुट थेट दुसऱ्या डिस्कवर वळवावे. पुढे लॉगच्या फाइली आपोआप बदलत ठेवणाऱ्या 'लॉगरोटेट'मध्ये रोजची फेरी, दाबणी आणि १८० प्रती ठेवाव्यात.

नावात लॉग असले तरी काही फाइली पुसण्याच्या नाहीतच. पोस्टग्रेसच्या 'पीजी_वाल' फोल्डरला (बदलांचा लॉग इथे असतो) हात लावला तर क्लस्टर, म्हणजे त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस, मोडतो. तो फुगतो त्याला कारण असते: बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरील प्रतीचा) स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी लॉग राखून ठेवणारी नोंद, तसाच राहिलेला असतो किंवा लॉगची प्रत दुसरीकडे ठेवणारी 'आर्काइव्ह कमांड' सतत फसत असते. नको असलेला स्लॉट काढला, आर्काइव्ह दुरुस्त केले की पुढच्या चेकपॉइंटनंतर (बदल डिस्कवर पक्के लिहिले गेल्यावर) जागा आपोआप सुटते. मायएसक्यूएलचे बिनलॉग (बदलांच्या नोंदी) 'पर्ज बायनरी लॉग्ज'नेच काढावेत, तेही रेप्लिका कुठवर वाचून झाली आहे ते पाहून. ८.० आवृत्तीत ते मुळात ३० दिवस राहतात; वर्दळीच्या सर्व्हरला हे फार होते.

विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांत 'एलडीएफ' (ट्रॅन्झॅक्शन लॉगची) फाइल डेटापेक्षा मोठी झालेली सर्रास दिसते. रिकव्हरी मॉडेल 'फुल' असते आणि रोज पूर्ण बॅकअपही घेतला जातो, पण पूर्ण बॅकअपने ट्रॅन्झॅक्शन लॉग रिकामा होत नाही. त्याला लॉगचा वेगळा बॅकअप लागतो. तो न घेता दर आठवड्याला 'श्रिंक' मारत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. 'सिस.डेटाबेसेस'मधला 'लॉग_रीयूज_वेट_डेस्क' रकाना पाहिला की अडले कुठे ते कळते. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरचे लॉगही आपणहून जात नाहीत. विंडोजच्या घटकांचा 'विनएसएक्सएस' फोल्डर मात्र हाताने कधीच पुसू नये, त्यासाठी 'डीआयएसएम'ची 'स्टार्टकॉम्पोनंटक्लीनअप' आज्ञा आहे.

किरकोळ जागा 'एपीटी क्लीन' आणि जुन्या कर्नलमधून मिळते. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारी प्रणाली) असेल तर कंटेनरच्या लॉगला मुळात मर्यादाच नसते. ती 'मॅक्स-साइझ'ने घालावी, आणि ती नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते. नको ते काढणाऱ्या 'सिस्टीम प्रून'ला '--व्हॉल्यूम्स' जोडू नये, थांबवलेल्या कंटेनरचा डेटा त्यात असू शकतो. ईएक्सटी४ रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासक खात्यासाठी, ५ टक्के जागा राखून ठेवते. २ टीबीच्या निव्वळ डेटाच्या डिस्कवर ही सुमारे १०० जीबी होते. 'ट्यून२एफएस -एम १'ने ती चालू स्थितीतच कमी करता येते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिस्कवर मात्र ती तशीच असू द्यावी, अडचणीत लॉगिन करायला तीच उपयोगी पडते.

संस्थाचालकांनी एएमसी (वार्षिक देखभाल करार) करताना दोन अटी लेखी घालाव्यात: जागा ८० टक्के भरल्यावर सूचना जावी, आणि ती कोणाच्या मोबाइलवर जाणार त्याचे नाव करारात असावे. शिवाय प्रत्येक सर्व्हरवर 'एफअ‍ॅलोकेट'ने २ जीबीची एक निरुपयोगी फाइल आधीच करून ठेवावी. डिस्क भरली की फक्त ती पुसायची. शांतपणे कारण शोधण्यापुरती उसंत मिळते. काम झाल्यावर ती पुन्हा तयार करायची असते, आणि नेमके तेच राहून जाते.

– एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, सांगली