महिला फुटबॉल लीगला हंगाम हवा आणि नोंदही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतीय महिला फुटबॉल लीगच्या वरच्या विभागात 2022-23 नंतरच्या तीन हंगामांत महाराष्ट्राचा एकही संघ खेळलेला नाही. पुरुषांच्या इंडियन सुपर लीगचे विजेतेपद याच काळात, 2023-24 मध्ये, मुंबई सिटीने दुसऱ्यांदा पटकावले आणि त्याचे कौतुक सर्वांनी, आपल्या दैनिकानेही, योग्य शब्दांत केले. परंतु महिलांच्या बाबतीत राज्य नकाशावरून पुसले गेले, याची दखल फारशी कोणी घेतल्याचे दिसत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

ही लीग 2016-17 मध्ये सुरू झाली तेव्हा दिल्लीच्या अंतिम फेरीतील सहा संघांत एफसी पुणे सिटी होता. पुढच्या वर्षी मुंबईचा इंडिया रश खेळला. त्यानंतरचे दोन हंगाम एफसी कोल्हापूर सिटीने राज्याची बाजू सांभाळली. 2020-21 चा हंगाम कोविडमुळे झाला नाही. 2021-22 मध्ये मुंबईचा पिफा आणि 2022-23 मध्ये मुंबई नाइट्स हे संघ उतरले. सहा हंगामांत पाच वेगवेगळे संघ आले, आणि त्यांपैकी एकालाही या पातळीवर पाय रोवता आला नाही. पुणे सिटी हा क्लबच 2019 मध्ये बंद पडला. या संघांतील मुलींच्या किंवा प्रशिक्षकांच्या गुणवत्तेत काही कमी होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. कमी होती ती त्यांच्या पाठीशी असायला हव्या असलेल्या भक्कम राज्य लीगची. राज्यात काही आठवडे सामने खेळायचे, जिंकलेल्या संघाने घाईने जमवाजमव करून राष्ट्रीय स्पर्धेला जायचे, परतल्यावर मुलींनी आपापल्या घरी जायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, या क्रमात क्लब उभा राहत नाही.

ज्यांनी आपली लीग नेटाने चालवली त्यांचे काय झाले, हे बंगालकडे पाहिले की कळते. कोलकात्याची महिला लीग 1993 पासूनची. आज ती कन्याश्री चषक या नावाने खेळली जाते. ईस्ट बेंगॉलच्या महिला संघाने 2022-23 मध्ये तो चषक जिंकला, त्याच वर्षी राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश केला आणि 2024-25 मध्ये देशाचे विजेतेपद मिळवले. कोलकात्याच्याच लीगमध्ये घडलेला श्रीभूमी हा तुलनेने लहान क्लब दुसऱ्या विभागातून वर चढला आणि आता तोही तेथे टिकून आहे. केरळची राज्य लीग 2014-15 मध्ये सुरू होऊन मध्ये बंद पडली होती. 2021-22 मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि पुढच्याच हंगामात राष्ट्रीय लीगमध्ये केरळचे दोन क्लब होते. त्यांपैकी गोकुळम केरळने 2019-20 ते 2022-23 या काळात झालेले तिन्ही हंगाम जिंकले. आपल्या शेजारचे गोवे आकाराने आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढे, तरीही सिरवोडे, चर्चिल ब्रदर्स आणि आता दुसऱ्या विभागातून वर आलेली सेझा अकादमी असे त्यांचे संघ या लीगमध्ये दिसत राहिले. आपल्या राज्याची लोकसंख्या, साखर कारखान्यांपासून बँकांपर्यंतचे आपले पुरस्कर्ते आणि आपली मैदाने लक्षात घेता, या यादीत महाराष्ट्र नसावा हे मनाला फार लागते.

2023-24 पासून राष्ट्रीय लीगचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी सारे संघ एका गावी जमत आणि काही आठवड्यांत निकाल लागे. 2023-24 मध्ये सामने घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे दोन्हीकडे खेळण्याची पद्धत आणली गेली. आता खाली दुसरा विभाग आहे आणि त्याच्याही खाली राज्यांच्या लीग आहेत. किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3 लाख 20 हजार रुपयांचा करार करण्याची अट भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांना घातली. याचा अर्थ फुटबॉल हा आता एखाद्या मुलीसाठी पगाराचा व्यवसाय होऊ शकतो. मात्र तेथवर पोहोचण्याची पहिली पायरी राज्य लीग हीच आहे, आणि ती पायरी आपल्याकडे कच्ची आहे.

शाळेच्या मैदानावर आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून मला या पायरीची चिंता अधिक वाटते. सतरा वर्षांखालील मुलींसाठी सुब्रतो चषक आहे, महाविद्यालयात गेल्यावर आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. या दोन्हींमध्ये बाद फेरीत हरले की वर्ष संपते. उत्तम बचाव करणारी मुलगी केवळ तिचा संघ पहिल्याच सामन्यात हरला म्हणून वर्षभर एकही चुरशीचा सामना न खेळता बसून राहते, आणि दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर घरचे जेव्हा विचारतात की या खेळाचे पुढे काय, तेव्हा तिच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते. लीगचे मोल येथे आहे. हरलेल्या संघालाही पुढच्या रविवारी सामना असतो, चुका सुधारायला संधी असते, आणि अठरा-वीस सामन्यांच्या हंगामात कोणाची खरी तयारी किती हे निवड समितीला दिसते.

वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही आपली राज्य संघटना 1911 पासूनची, देशातील जुन्या संघटनांपैकी एक. तिच्याकडे माझी नम्र मागणी अशी आहे की पावसाळा संपताच जिल्हा लीग व्हाव्यात आणि डिसेंबर ते मार्च या काळात राज्य लीग विभागवार खेळवली जावी. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे एका गटात, मुंबई, ठाणे, पालघर, रायगड दुसऱ्या गटात, नागपूरसह विदर्भ तिसऱ्या गटात, आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ अखेरच्या टप्प्यात. वेळापत्रक जूनमध्येच जाहीर झाले तर शाळा-महाविद्यालयांना परीक्षा सांभाळता येतील आणि क्लबांना पुरस्कर्ता गाठता येईल. प्रवासखर्चाचे कारण नेहमी पुढे केले जाते. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे कोल्हापूरहून पुण्याला संघ नेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. उरलेला भार जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि स्थानिक संस्थांनी वाटून घेतला पाहिजे.

आमच्या कोल्हापूरविषयी थोडे अधिक लिहिण्याची परवानगी द्यावी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात, हे साऱ्या राज्याला ठाऊक आहे. 2017 च्या अखेरीस भारतीय महिला लीगची प्राथमिक फेरी याच मैदानावर झाली होती. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळच्या अंजू तुरंबेकर प्रशिक्षक म्हणून भारतीय फुटबॉल महासंघात मोठ्या जबाबदारीच्या पदापर्यंत पोहोचल्या. एवढे सारे असताना येथील तालमी आणि मंडळांनी आपापल्या नावाचा महिला संघ लीगमध्ये उतरवला, तर पेठेचा तो अभिमान मुलींच्याही पाठीशी उभा राहील. खेळाडूंना प्रेक्षक लागतात, आणि प्रेक्षक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत.

दुसरी मागणी नोंदींची आहे. भारतात महिला फुटबॉलचा महासंघ 1975 मध्ये स्थापन झाला. जानेवारी 1980 मध्ये कालिकत येथील आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा 1983 मध्ये बँकॉकला भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. हे आपल्याला सांगता येते कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. महाराष्ट्राच्या महिला स्पर्धांचे वर्षवार विजेते, अंतिम सामन्यांचे निकाल, गोल करणाऱ्या मुलींची नावे आणि संघांच्या याद्या मात्र एका जागी संकलित झालेल्या नाहीत. ते सारे जुन्या कात्रणांत आणि माजी खेळाडूंच्या स्मरणात विखुरलेले आहे. ही केवळ इतिहासाच्या हौसेची गोष्ट नव्हे. शासकीय सेवेत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. स्पर्धा अधिकृत होती, त्यात ही मुलगी खेळली आणि संघाचा क्रमांक अमुक होता, हे कागदावर असल्याशिवाय तिच्या घामाला तेथे किंमत नाही. संघटनेने प्रत्येक सामन्याचा अधिकृत अहवाल प्रसिद्ध करावा आणि जुन्या खेळाडूंकडून माहिती मिळवून आजवरच्या स्पर्धांचा वर्षवार तक्ता तयार करावा, तोही त्या पिढीतील मंडळी आपल्यात आहेत तोवर.

2022 या एका वर्षात महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. बालेवाडी, अंधेरी आणि डी. वाय. पाटील मैदानांवर त्यासाठी झालेल्या सोयींचा लाभ आपल्या राज्यातील मुलींच्या लीगला मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. या मैदानांवर दर हंगामात महिला लीगचे ठरावीक सामने राखून ठेवावेत, असा आग्रह क्रीडा खात्यानेही धरावा.

शेवटी आपल्याकडेच एक विनंती. आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर महिला राज्य लीगच्या प्रत्येक सामन्याचा निकाल, गोल करणाऱ्या खेळाडूंची पूर्ण नावे आणि आठवड्यातून एकदा गुणतक्ता छापला जावा. जिल्ह्यांतील क्रीडाशिक्षकांना ही माहिती वेळच्या वेळी पाठवण्याचे आवाहन आपण केल्यास, आमच्या भागातील सामन्यांचे निकाल पाठवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर