सगळी दुखणी दातांच्या माथी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहा-सात महिन्यांचे मूल रात्री चार-चार वेळा उठू लागले की घरातली अनुभवी मंडळी एकमुखाने निदान करतात, ‘दात येताहेत.’ ताप आला तरी दात, जुलाब झाले तरी दात, दूध घेईना तरी दातच. मीही याच मंडळींपैकी. नातू सात महिन्यांचा असताना त्याला सलग दोन रात्री ताप होता आणि ‘दातांचाच आहे, उतरेल’ असे मी सुनेला ठामपणे सांगत होते. आडवे ठेवले की तो कळवळून रडे आणि उभा धरला की थोडा निवे, ही खूण डोळ्यांसमोर असूनही माझी नजर त्याच्या हिरडीवरून हलेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासले, तेव्हा कानाचा पडदा लाल होऊन फुगलेला होता.

अशी गल्लत होण्याचे कारण सोपे आहे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, बहुधा खालच्या हिरडीत दिसतो आणि दुधाचे २० दात पुरे व्हायला अडीच-तीन वर्षे जातात. म्हणजे एवढ्या काळात कोणता ना कोणता दात वाटेवर असतोच, आणि आलेले कोणतेही दुखणे त्याच्याशी जोडता येते. त्यातच आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरते आणि मूल हाती लागेल ते तोंडात घालू लागते. दात येताना हिरडी सुजते, लाळ गळते, अंग किंचित कोमट लागते, झोप चाळवते, पण हे सारे दात वर येण्याच्या आगेमागे चार-सहा दिवस. अंगातला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असेल, जुलाब होत असतील, तर ते दातांचे काम नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप मोडत असेल, तर आठव्या-नवव्या महिन्यात आई नजरेआड झाल्यावर वाटणारी धास्तीही त्यामागे असू शकते.

साप सोडून भुई धोपटण्याची ही खोड जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या मृत्युनोंदींत ‘दात येणे’ हे बालमृत्यूचे कारण म्हणून सर्रास लिहिले जाई, आणि दातांसाठी दिल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या पुडीने मुले आजारी पडत असल्याचे उमगून ती मागे घ्यायला १९५० चे दशक उजाडावे लागले. आज पुडीची जागा हिरडी बधिर करणाऱ्या जेलने घेतली आहे. लाळेने ते काही मिनिटांत धुऊन जाते, गिळले गेले तर घसाही बधिर होतो. आणि त्यातील बेंझोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच घटते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असे बजावले. दातांसाठी गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळेचेही तेच. गळ्याला फास बसण्याचा किंवा मणी घशात अडकण्याचा धोका असताना ती झोपलेल्या मुलाच्या गळ्यात राहू कशी देतात, हे मला कळत नाही.

मग करायचे काय? खरे तर फार थोडे. स्वच्छ धुतलेले बोट हिरडीवर हलकेच दाबून फिरवले, की नातू ते दोन्ही हातांनी घट्ट धरून पेरावर हिरड्या रोवत असे; हळूहळू त्याचे डोळे मिटत आणि हुंदके लांबत जात. फ्रीजमध्ये गार केलेले टीथर, म्हणजे बाळाने चावायचे खेळणे, चालते, मात्र बर्फासारखे गोठलेले नको, त्याने हिरडी दुखावते. हनुवटीखालची लाळ टिपत राहावे, नाहीतर तिथे पुरळ उठून किरकिरीला आणखी एक निमित्त मिळते. फारच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे. मूल शांत झाले की त्याला सपाट, घट्ट गादीवर उताणे निजवावे. रात्रीचा दिवस केलेल्या माणसाने त्याला कुशीत घेऊन सोफ्यावर डुलकी घेणे धोक्याचे आहे.

बालसंगोपनावरील आपल्या मजकुरात दातांचा उल्लेख येईल, तेव्हा तापाचा वरील आकडा सोबत ठळकपणे छापावा, एवढी विनंती.

नातवाचा पहिला दात कान बरा झाल्यावर तीन आठवड्यांनी आला. रात्री कोणी उठले नव्हते. सकाळी पाणी पाजताना चमचा कशावर तरी टक्कन वाजला, तेव्हा कळले.

आपली,
एक आजी