काळ्या डागासाठी सागवानाच्या फळ्या उखडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरगावात आमच्या मजल्यावर गेल्या दोन वर्षांत तीन घरांतली लाकडी जमीन उखडून तिथे प्लायवूड टाकलं आणि वर व्हिनाइल चिकटवलं. त्यातल्या दोन घरांत कारण एकच, मांजराच्या नाहीतर कुत्र्याच्या लघवीचे काळे डाग आणि वास. फळ्या भंगारवाल्याने किलोवर नेल्या. बर्मा सागवान होतं ते, असं लाकूड आता घ्यायला गेलं तर परवडत नाही आणि मिळतही नाही, म्हणून अगदी राहवलं नाही आणि लिहायला बसले. आमच्याकडेही हेच झालं होतं, आमच्या फळ्या मात्र अजून जागेवर आहेत.

आमचा मोती चौदा वर्षांचा होता, शेवटच्या वर्षात त्याला लघवी धरवायची नाही आणि खिडकीखालची जागा त्याची ठरलेली. (एक सांगते, घरात कधी न करणारा कुत्रा अचानक करायला लागला तर आधी डॉक्टरकडे न्या, डायबेटिस, किडनी, लघवीचं इन्फेक्शन काहीही असू शकतं. आम्ही आधी त्याच्यावर ओरडलो, उशिरा नेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.) मोती गेल्यावर जमीन पॉलिश करायची ठरली. कॉन्ट्रॅक्टरने आल्या आल्या सँडिंग मशीन फिरवलं, वरचा तपकिरी भाग गेला, मधला काळा तसाच राहिला, त्याच्यावरच त्याने पॉलिशचे तीन हात मारले. फेब्रुवारीत जमीन अशी चकाचक की येणारा जाणारा विचारायचा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या खोलीला वास.

असं का होतं ते नंतर कळलं. ताजी लघवी बहुतेकदा थोडी ॲसिडिक असते, पण फळीत मुरली की जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि त्याने लाकूड काळवंडतं. जिथे लोखंडी खिळा आहे तिथे तर लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून शाईसारखा डाग पडतो, आमच्या खिडकीखाली प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ होतं. आणि वास येतो तो फळीत मुरून सुकलेल्या लघवीचा, उन्हाळ्यात तो गप्प असतो, हवा दमट झाली की परत बोलायला लागतो. मुंबईत म्हणजे चार महिने.

म्हणून मशीन आधी नाही. हे आम्हाला शेजारच्या चाळीतल्या सुतारकाकांनी सांगितलं, पण तोवर पॉलिशखाली सगळं बंद झालेलं, ते परत खरवडून काढावं लागलं कारण पॉलिशमधून कुठलंही औषध आत उतरत नाही. रात्री दिवे बंद करून नोटा तपासायचा निळा टॉर्च जमिनीवर फिरवला तर डाग चमकतात, आम्हाला एकच जागा वाटत होती, निघाल्या तीन. तिथलं पॉलिश खरवडायचं, मग पेट शॉपमध्ये मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओला ठेवायचा, आणि मग फळी चांगली सुकू द्यायची, दोन-चार दिवस तरी. पाणी ओतायचं नाही, जुन्या इमारतीत फळ्यांच्या फटीतून ते खालच्यांच्या छतावर जातं आणि वाटेत तुळईत मुरतं. फिनाईल तर नकोच, मांजरांना ते विषारी असतं. कपड्यांचं ब्लीचसुद्धा नको, मुतातल्या अमोनियाशी मिसळलं की छातीत जाणारा वाईट वायू होतो.

वास गेला की मग रंगाचं बघायचं. केमिस्टकडे २० व्हॉल्यूमचं, म्हणजे साधारण ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्यात सुती फडकं भिजवून डागावर पसरायचं, वर प्लास्टिक टाकून काही तास ठेवायचं, सुकलं की परत. फक्त गोल डागापुरतं करू नका, पेरॉक्साइडने आजूबाजूचं लाकूडही फिकं पडतं आणि मग काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग दिसतो, म्हणून फळी सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण करायची. खिळ्याभोवतीच्या काळ्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड, मोझेकच्या लाद्या पॉलिश करणारे वापरतात तेच. ते विष आहे, हातमोजे आणि मास्क घालूनच, मुलं आणि प्राणी दुसऱ्या खोलीत, आणि नंतर ओल्या फडक्याने दोन-तीनदा नीट पुसून घ्यायचं, नाहीतर घासताना त्याची पूड नाकात जाते.

आता मशीन, खिळ्यांची डोकी ठोकून आत घालून, ६०, ८०, १२० अशा चढत्या कागदाने, हलक्या हाताने. त्याच्यावर मेण काढलेल्या (डीवॅक्स्ड) चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश मारायचं, उरलासुरला वास लाख आत कोंडून ठेवते, आणि पाण्यापासून बचावासाठी त्याच्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) वार्निशचा हात. स्पिरिट पेट घेतं, म्हणून ते मारताना गॅस बंद. आणि हे पावसात करू नका, दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते, दिवाळी ते होळी हाच खरा सीझन.

टोच्या खुपसला आणि फळी भुसभुशीत लागली किंवा दोन-तीन वेळा पेरॉक्साइड करूनही गाभा काळाच राहिला तर ती फळी बदलावी लागते, पण तेवढीच. नवी फळी मध्येच लावली तर ठिगळासारखी दिसते, म्हणून आम्ही कपाटाखालची आमचीच जुनी फळी काढून खिडकीखाली लावली आणि नवी कपाटाखाली घातली. फळी काढली की खालची तुळई बघून घ्या, ती कुजलेली दिसली तर स्वतः हात लावू नका. ३० सप्टेंबर १९६९ आधीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा कर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते, त्यांना लेखी कळवा.

आमचं हे सगळं नोव्हेंबर ते जानेवारी चाललं, मजुरी व्हिनाइलपेक्षा जास्त नाही लागली. यंदाचा पाऊस झाला, वास आला नाही. खिडकीखाली अगदी फिकी सावली राहिलीय, ती मी मुद्दाम राहू दिली.

आपल्या पुरवणीत घर सजवण्याबद्दल नेहमी येतं, त्यात जुनी लाकडी जमीन जपणाऱ्या सुतारांशी बोलून एकदा सविस्तर छापाल का? आमचे सुतारकाका पंच्याहत्तरीचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली आता कोणी नाही.

आपली,
एक वाचक, गिरगाव