पोकरच्या डावांच्या नोंदी खेळाडूच्या हाती राहिल्याच पाहिजेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये झाला, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांतून या विषयावर पुष्कळ लिहून आले आहे. व्यसन, कर्जबाजारीपणा, संसारांची झालेली वाताहत यांबद्दल लिहिणे आवश्यकच होते आणि त्यातील बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे. मात्र यांपैकी पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या जगात गेली काही वर्षे आणखी एक वाद चालू आहे, त्याकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. खेळाडूंची आकडेवारी गोळा करणाऱ्या बाहेरच्या सॉफ्टवेअरवर पोकरची संकेतस्थळे एकामागून एक निर्बंध घालत आली आहेत. मी स्वतः पैसे लावून खेळत नाही. पण माझी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली आणि माझे काही माजी विद्यार्थी ब्रिटन व कॅनडात, जिथे हा खेळ कायदेशीर आहे, तिथे पोकर खेळतात. त्यांच्यामुळे ही आकडेवारी मला जवळून पाहता आली, आणि या निर्बंधांतला अर्धा भाग योग्य, तर अर्धा भाग घातक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे सॉफ्टवेअर काय करते, ते आधी सांगतो. ज्या संकेतस्थळांना मान्य आहे तिथे खेळलेला प्रत्येक डाव साध्या मजकुराच्या फाइलच्या रूपाने खेळाडूच्या संगणकावर उतरतो. कोण कुठल्या जागेवर बसले होते, कोणापुढे किती रक्कम होती, कोणी किती लावले, कोणी पाने टाकून दिली, मधोमध सर्वांसाठी सामाईक अशी कोणती पाने उघडली, हे सारे त्यात ओळीने लिहिलेले असते. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर यांसारखी सॉफ्टवेअर या फाइली वाचून त्यांचा डेटाबेस तयार करतात आणि खेळ चालू असतानाच प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी आकड्यांची एक लहानशी चौकट उमटवतात. खेळाडू तिला ‘हड’ म्हणतात. चौकटीत 24, 18 आणि 7 असे आकडे असले, तर हा माणूस शंभरातल्या 24 डावांत आपखुशीने पैसे घालतो, 18 डावांत मधली पाने उघडण्याआधीच रक्कम वाढवतो आणि दुसऱ्या कोणी आधी रक्कम वाढवली असल्यास शंभरातून सात वेळा तीवर पुन्हा चढवतो, असा त्याचा अर्थ होतो. सहा जणांच्या टेबलावर हे सराईत खेळाडूचे लक्षण मानतात. शेजारच्याच चौकटीत 55, 6 आणि 1 दिसले, की तो नवखा आहे, दर दुसऱ्या डावात पैसे घालतो आणि स्वतःहून पुढाकार जवळजवळ घेतच नाही, हे सराईताला एका नजरेत कळते. नवख्याच्या पडद्यावर मात्र यातले काहीच नसते, आणि आपल्या डोक्यावर अशी चौकट लागलेली आहे, याची त्याला कल्पनाही नसते.

या विषमतेला आणखी वाईट वळण मिळाले, ते दोन गोष्टींमुळे. काही मंडळींनी संगणकाकरवी टेबलांवर दिवसरात्र नुसती नजर ठेवून लाखो डाव टिपले आणि ते विकायला सुरुवात केली. त्यामुळे ज्याच्याशी आपण कधी एकही डाव खेळलो नाही, त्याचीही कुंडली पैसे टाकून मिळू लागली. दुसरीकडे, कमकुवत खेळाडू कुठे बसला आहे ते शोधून आपल्या मालकासाठी त्याच्या शेजारची सोयीची जागा क्षणात पटकावणारी सॉफ्टवेअर आली. हौसेने चार घटका खेळायला आलेल्या माणसाभोवती असा फास आवळला जात असेल, तर संकेतस्थळाने हस्तक्षेप करायलाच हवा. यात कंपन्यांचा स्वार्थ आहे, हे उघड आहे. प्रत्येक डावातून कापला जाणारा ‘रेक’ हेच त्यांचे उत्पन्न, आणि नवख्याचे पैसे जितके सावकाश संपतील तितका रेक जास्त जमतो. पण कंपनीचा स्वार्थ साधतो एवढ्यावरून नियम चुकीचा ठरत नाही.

निर्बंधांचे मार्ग निरनिराळे आहेत. बोडॉगने 2011 मध्ये टेबलांवरची नावेच काढून टाकली आणि सर्वांना निनावी केले. पोकरस्टार्सने 2015 मध्ये हडवर सरसकट बंदी न घालता, डावातल्या परिस्थितीनुसार बदलत जाणाऱ्या आणि कोणती पाने खेळावीत याचे तक्ते आपोआप पुढे करणाऱ्या साधनांना मनाई केली. पार्टीपोकरने जून 2019 मध्ये सर्वांत कडक पाऊल उचलले: खेळाडूंना आपली नावे बदलायला लावली आणि डावांच्या फाइली संगणकावर उतरणेच बंद केले. जीजीपोकरने बाहेरचे हड नाकारून स्वतःचीच आकडेवारी पडद्यावर दाखवायची पद्धत ठेवली. खेळ चालू असताना दिसणारी चौकट बंद करणे ही एक गोष्ट आणि खेळलेल्या डावांची नोंदच खेळाडूला न देणे ही निराळी गोष्ट, हा फरक पार्टीपोकरच्या निर्णयात पुसला गेला. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

या नोंदींचे मोल काय, ते 2007 साली अ‍ॅब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावर दिसले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील हजार डॉलर प्रवेशशुल्काच्या एका स्पर्धेत ‘पॉटरिपर’ नावाचे खाते जिंकले. अखेरच्या डावात प्रतिस्पर्ध्याने हातात काहीही तयार नसताना सगळी रक्कम पुढे ढकलून हूल दिली होती. त्याच्याकडे नवापर्यंतची पाने होती आणि फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) होण्याची नुसती आशा होती. पॉटरिपरच्या हातातही साधी जोडी नव्हती, दहा हेच त्याचे मोठे पान. तरीही त्याने तितकीच रक्कम लावून ती हूल स्वीकारली आणि जिंकला. समोरच्याची पाने दिसत असल्याशिवाय असा निर्णय कोणी घेत नाही. हरलेल्या खेळाडूने कंपनीकडे स्पर्धेच्या नोंदी मागितल्या, आणि त्याला पाठवलेल्या एक्सेल फाइलमध्ये सर्व खेळाडूंची झाकलेली पाने, इतकेच नव्हे तर टेबल बाहेरून पाहणाऱ्यांची खातीही होती. खेळाडूंनी ती फाइल ओळ न ओळ वाचली. पॉटरिपरने सुरुवातीचे दोन डाव सोडून दिले होते. मग 363 क्रमांकाचा एक निरीक्षक टेबलावर आला आणि त्यानंतर बराच वेळ पॉटरिपरने मधली पाने उघडण्याआधी एकही डाव सोडला नाही. त्या निरीक्षकाचा माग काढत खेळाडू कंपनीच्या स्वतःच्याच गोटात पोहोचले. फसवणुकीचा पुरावा नाही, असे आधी सांगणाऱ्या कंपनीला अखेर ती मान्य करावी लागली.

पुढच्याच वर्षी अल्टिमेटबेट या संकेतस्थळाचे प्रकरण निघाले, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते अधिक बोलके आहे. तिथे कंपनीकडून आलेली अशी फाइल नव्हती. खेळाडूंनी आपापल्या संगणकांवर साठवलेले डाव एकत्र केले, प्रत्येक खात्याने किती डावांत पैसे घातले आणि शंभर डावांमागे किती कमावले, हे आलेखावर मांडले. शेकडो खाती एका ढगासारखी एकत्र दिसली आणि ‘निओनिओ’ हे खाते त्या ढगापासून कितीतरी वर, एकटे. सरासरीपासून इतकी प्रमाण विचलने दूर असलेले यश नशिबाने मिळत नाही आणि कौशल्यानेही मिळत नाही. चौकशीत आतल्या माणसांनी प्रणालीत ठेवलेल्या चोरवाटेने इतरांची पाने वर्षानुवर्षे पाहिली जात होती, हे निष्पन्न झाले. कॅनडातील काहनावाके आयोगाने, ज्याच्या परवान्यावर ही दोन्ही संकेतस्थळे चालत, अ‍ॅब्सोल्यूट पोकरला 5 लाख आणि अल्टिमेटबेटला 15 लाख डॉलर दंड केला. अल्टिमेटबेटला खेळाडूंचे सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर परत करावे लागले. परवाना देणारा आयोग होता, कंपनीचा सुरक्षा विभाग होता, आणि तरीही चोरी पकडली ती खेळाडूंनी, आपल्याकडच्या नोंदींवरून.

हा जुना इतिहास आहे, आता सुरक्षा पुष्कळ सुधारली आहे, असे यावर सांगितले जाते. पण डिसेंबर 2023 मध्ये, बाहेरच्या हडला मनाई करणाऱ्या जीजीपोकरवरच, एका खात्याने सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन आपल्या जिंकण्याची शक्यता आधीच हेरण्याची सोय करून घेतली होती. त्याच्या अशक्यप्राय आकड्यांकडे आधी बोट दाखवले ते इतर खेळाडूंनी. मग कंपनीने ते खाते बंद करून 29,795 डॉलर जप्त केले. संकेतस्थळांच्या सुरक्षा विभागांकडे सर्वांची झाकलेली पाने असतात, त्यामुळे संगनमत पकडण्यात ते खेळाडूंपेक्षा कितीतरी सक्षम आहेत, हे मला मान्य आहे. प्रश्न तो विभागच चुकला, त्याने दुर्लक्ष केले किंवा चोर आतलाच असला तर काय, हा आहे. हिशेब लिहिणाऱ्यानेच तो तपासायचा, ही व्यवस्था आपण कोणत्याही सहकारी पतपेढीतसुद्धा चालू देत नाही.

मग नवख्याचे संरक्षण आणि नोंदींचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतील का? साधतात, आणि त्याचे उदाहरण निनावी टेबलांच्याच घराण्यात आहे. बोडॉगच्याच घराण्यातल्या बोवाडा या संकेतस्थळावर टेबलावर कोणाचेही नाव दिसत नाही, त्यामुळे कोणाची कुंडली मांडता येत नाही. पण 24 तास उलटले, की खेळाडूला आपण खेळलेल्या डावांच्या नोंदी सर्वांच्या झाकलेल्या पानांसह उतरवून घेता येतात. समोरच्याने हूल ओळखली ती कशाच्या बळावर, हे दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहता येते. या पद्धतीत एक उणीव आहे: प्रत्येक वेळी ओळख बदलत असल्याने तेच दोन गडी पुन्हा पुन्हा एकमेकांना साथ देत आहेत का, हे कळायला मार्ग राहत नाही. यासाठी खऱ्या नावाऐवजी काही महिने टिकणारे सांकेतिक नाव नोंदींत द्यावे, आणि ते पडद्यावर, खेळ चालू असताना, मुळीच दिसू नये. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड असे काही नाही. जागा पटकावणारी सॉफ्टवेअर, विकत मिळणारे डाव, खेळताना सल्ला देणारी साधने यांच्यावर मात्र बंदी हवी आणि ती कडक हवी. विशेषतः 2015 नंतर पोकरची गणिते सोडवणारी सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालू लागल्यापासून, चालू डावात त्यांचे उत्तर पाहणे हा हडपेक्षा कितीतरी मोठा अपराध ठरतो.

आपल्या देशाशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर आपली न्यायालये एकमताची नाहीत; गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो कौशल्याचा मानला. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये तो उघडपणे खेळला जातो. संख्याशास्त्राचा माणूस म्हणून मी एवढेच सांगू शकतो, की दहा-वीस डावांत नशीब कौशल्याला झाकून टाकते आणि हजारो डावांत कौशल्य वर येते. न्यायालयात कौशल्याची ग्वाही देणाऱ्या कंपन्यांनी ते ज्या हजारो डावांतून सिद्ध होते, त्यांच्या नोंदी खेळाडूंना नाकारू नयेत.

दुसरा संबंध अधिक काळजीचा आहे. नव्या कायद्यात असे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भारतीय कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. पण ज्यांची सवय सुटलेली नाही, ती मुले परदेशी संकेतस्थळांकडे वळण्याचा धोका आहे, आणि तिथे फसवणूक झाली तर दाद मागायला त्यांना इथे कोणी नाही. माझा सल्ला विचाराल, तर त्यांनी खेळूच नये. जिथे नोंदी मिळत नाहीत अशा ठिकाणी तर मुळीच खेळू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो.

ब्रिटन आणि युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी जे हा खेळ खेळतात, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या 15 व्या कलमानुसार कंपनीकडे असलेली स्वतःविषयीची माहिती मागण्याचा त्यांना हक्क आहे आणि एरवी कंपनीला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. ज्या संकेतस्थळाने डावांच्या फाइली बंद केल्या आहेत, त्याच्याकडे आपण खेळलेल्या सर्व डावांची नोंद या कलमाचा उल्लेख करून लेखी मागावी, आणि नकार आला तर तोही जपून ठेवून तिथल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे