अभिजात नाटकांतील आवडते आणि नावडते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, जुन्या नाटकांचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. मात्र त्या भरात प्रत्येक जुने नाटक सारखेच थोर ठरवले जाते, हे एक प्रेक्षक म्हणून मला पटत नाही. नाटककार आपल्या पात्रांना बोलू देतो की त्यांच्या तोंडून स्वतःच बोलत राहतो, यावर माझी आवड-निवड ठरते.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ (1899) मला सर्वांत प्रिय आहे, आणि ते केवळ देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे म्हणून नव्हे. जरठ-कुमारी विवाहाच्या, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावण्याच्या, रूढीविरुद्ध लिहिलेल्या या नाटकात कांचनभट हा पोटच्या मुलीचा सौदा करणारा बाप डोळे वटारत येत नाही. तो घरातल्या नेहमीच्या व्यवहाराच्या सुरात बोलतो, भद्रेश्वर दीक्षित त्याच सुरात मध्यस्थी करतो, आणि त्या सहजपणामुळेच अंगावर काटा येतो. मैत्रिणी ‘म्हातारा इतुका न’ म्हणत शारदेची थट्टा करतात तेव्हा प्रेक्षागृहात हशा पिकतो, पण ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद सुरू झाले की आपण मघाशी कशाला हसलो हे प्रत्येकाला कळून चुकते. देवलांना त्यासाठी एकाही उपदेशाची गरज लागत नाही.

याउलट राम गणेश गडकऱ्यांचे दारूच्या व्यसनावरचे ‘एकच प्याला’ मला पुरते आवडत नाही, हे धाडस करून लिहितो. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 मध्येच गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणले आणि बालगंधर्वांनी साकारलेली सिंधू, म्हणजे व्यसनी नायकाची पत्नी, महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. दारूबाज तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ हे मद्यप्यांचे टोळके यांना आजही तोड नाही. पण सिंधूला नाटककाराने सोसण्याखेरीज काही करूच दिलेले नाही. नवऱ्याच्या हातून तान्हे मूल जाते, तरी शेवटच्या घटकेला ती त्यालाच वाचवू पाहते, आणि त्या सोशिकतेची नाटकात पूजा होते. तिला एकदा तरी संताप यायला हवा होता, असे मला प्रत्येक प्रयोगात वाटत आले आहे.

‘नटसम्राट’विषयीही (1970) माझे मन असेच दुभंगलेले आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या भाषेला आणि डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेल्या गणपतराव बेलवलकरांना, म्हणजे नाटकातल्या वृद्ध नटाला, माझा दंडवत. परंतु सगळे बोलणे बापाच्या वाट्याला आणि मुलगा-मुलगी केवळ कृतघ्न ठरण्यापुरती, ही वाटणी मला अन्यायाची वाटते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) धरणगावच्या देशपांडे कुटुंबातल्या प्रत्येकाचे म्हणणे तितक्याच जवळून ऐकू येते. शिकायचे राहून गेलेली प्रभा जितकी खरी, तितकेच घरातले दागिने अंगावर घालून पाहणारी वहिनीही खरी. आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर त्या घराची अवस्था कोणत्याही स्वगताशिवाय सांगतो. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधली, नटांनीच रांगेत उभे राहून केलेली माणसांची भिंतही मला अशाच कारणाने आवडते: तीही न बोलता सांगते.

या निमित्ताने निर्मात्यांना एक विनंती करावीशी वाटते. ‘शारदा’चे पुनरुज्जीवन करताना वेळ वाचवण्यासाठी बहुधा गद्यालाच कात्री लागते आणि नाटकाची पदांची मैफल होऊन बसते. पदे थोडी कमी गायली तरी चालतील, एखाद्या वन्समोअरला नम्रपणे नकार दिला तरी रसिक रागावणार नाहीत. पण कांचनभट आणि भद्रेश्वर यांचे प्रवेश पूर्ण ठेवावेत.

आपला विश्वासू,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली