बाय, बैरूतला पोचल्यावर वाच

फोंडा
चवथीनंतरचा सोमवार

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मोपाच्या विमानतळावर जायला निघालीस तेव्हा मी कुळागरात होतो. पंप बंद करायचा राहिलाय, असं आईला सांगून गेलो होतो. पंप आदल्या संध्याकाळीच बंद केला होता. गाडी वळणावरून जाईपर्यंत पोफळीला हात लावून उभा राहिलो आणि मग घरी आलो. सोप्यावर तुझा चहाचा कप तसाच होता. आईने तो दुपारपर्यंत उचलला नाही, मीही नाही.

त्या रात्री गणपतीपुढे फळाफुलांच्या माटोळीखाली जे बोललो ते बोलायला नको होतं. "लोकांच्या पोरांना गोळ्यांपुढे पाठवायला तुला चीफ केलंय," असं मी म्हटलं आणि तू पानावरून उठलीस, अर्धी नेवरी तशीच टाकून. माईच्या वेळेपासून आपल्या घरात चवथीच्या पानावरून कोणी उठलेलं नाही. ते माझ्यामुळे झालं. मला माफ कर.

घरात आपण कोंकणीतून बोलतो, पण कागद पुढे घेतला की माझा हात मराठीतच चालतो, आजोबांचा चालायचा तसा. आणि कागदावर मला खरं लिहिता येतं, समोर बसून बोलता येत नाही. तू ब्युरो चीफ झालीस हे कळलं त्या संध्याकाळी मी मार्दोळला जाऊन म्हाळसेला नारळ ठेवून आलो. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. माझी सगळी वार्ताहरकी एका तालुक्यात गेली. पाचच्या कदंब बसच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचं, पणजीच्या स्टँडवर ऑफिसचा पोरगा ते उतरवून घ्यायचा. पावसात पाकिटाला प्लास्टिकची पिशवी. त्या पिशव्या धुऊन, घड्या घालून तू शाळेच्या डब्याखाली ठेवायचीस. आता तुझ्या नावावर एक आख्खं ऑफिस, तीन-चार देशांच्या बातम्या आणि एवढी माणसं. मला ते अजून पुरतं डोळ्यांपुढे आणता येत नाही.

बाहेरून येणाऱ्या बातमीची किंमत आपल्या घराला ठाऊक आहे. १९५५ ते १९६१ लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गोव्याच्या हद्दीबाहेरच्या रानातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे रेडिओ केंद्र चालवत होते. इथलं छापील अक्षर पोर्तुगीज सेन्सॉरच्या हाताखालून आलेलं असायचं. आजोबा दार लावून, आवाज बारीक करून ऐकत बसायचे आणि मी अंगणात कोणी येतंय का ते बघायचो. सात वर्षांचा होतो. आजोबांना तू दिसायला हवी होतीस.

तेव्हा आता कामाचं. लेबनॉनच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, असं आईला वचन दिलंय. बाकीचं लिहितो. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरच्या घरी जाऊन ये. त्याच्या बायकोचा फोन नंबर तुझ्या वहीत असू दे, नुसता मोबाइलमध्ये नको. फिक्सर म्हणजे तिथली वाट दाखवणारी माणसं, स्ट्रिंगर म्हणजे बातमीमागे पैसे घेणारे, यांच्या विम्याचे कागद स्वतः वाच. रोजावर काम करणाऱ्याचे पैसे महिनाअखेरीस अडकवू नकोस. बाहेर गेलेल्या माणसाचा ठरल्या वेळी फोन आला नाही, तर कोणी कोणाला कळवायचं ते भिंतीवर लिहून लाव. रात्रीचा मुक्काम कुठे...

बघ, सुरू झालो. तू अठरा वर्षं हे काम करतेस आणि मी तुला वहीत काय लिहायचं ते सांगतोय. हे सोडून दे.

पण झोप येत नाही, म्हणून वाचत बसतो. १३ ऑक्टोबर २०२३, दक्षिण लेबनॉन. रॉयटर्सचे इसाम अब्दल्ला. सीमेजवळच्या उघड्या टेकडीवर पत्रकार उभे होते, अंगावर प्रेस लिहिलेली जॅकेटं होती. तोफगोळ्यात ते गेले आणि बरोबरचे सहा जण जखमी झाले. ते त्याच मुलखातले होते, बाय. ऑक्टोबर २०२४मध्ये हासबायाला गेस्टहाउसमध्ये झोपलेले तिघे गेले. आणि आमच्या वेळी टेरी अँडरसन, एपी या वृत्तसंस्थेचे. मार्च १९८५मध्ये बैरूतहून त्यांना पळवलं. त्यांची मुलगी त्यानंतर जन्मली आणि ते डिसेंबर १९९१मध्ये सुटले तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याच आठवड्यात तू पाच वर्षांची झालीस. ती बातमी मी तुला मांडीवर घेऊन वाचली होती. शेवटी दक्षिणेच्या रस्त्यावर आलोच मी.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. डिसेंबर १९८६, गोव्यात कोंकणी-मराठीचं, राजभाषेचं आंदोलन पेटलेलं. रस्त्यांवर झाडं आडवी घातलेली, गाड्या बंद. ऑफिसातून निरोप आला, फोटो पाहिजे. जायचं मला होतं. पण त्या दिवशी तुझं बारसं. पाळणा बांधून झाला होता, बायका जमल्या होत्या. मी फोटोवाल्या पोराला स्कूटरची चावी दिली आणि म्हटलं, "जाऊन ये, एक तासाचं तर काम." वीस वर्षांचा होता. दगड कोणी मारला, कुठल्या बाजूचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. उजवा डोळा गेला. लग्नाकार्यात काळा चष्मा लावून येणारा, कॅमेरा डाव्या डोळ्याला लावणारा काका तो हाच. तुझे पहिलीपासूनचे सगळे फोटो त्यानेच काढले, एक पैसा घेतला नाही. मला त्याने एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तुझ्या हातात आता तशी चावी असणार, रोज. म्हणून त्या रात्री तोंडातून तसं निघालं. ते तुला नव्हतं.

आणि तुझी खोड मला माहीत आहे. तू कोणालाच पाठवणार नाहीस. स्वतः गाडीत बसशील आणि घरी सांगशील, ऑफिसातच होते. 'दुसऱ्याला पाठव' म्हणावं, तर तो पोरगा दिसतो. 'तू जा' म्हणावं, तर तोंड उघडत नाही. बापाने काय सांगावं ते मला सुचत नाही, बाय. रस्ता बरा नसेल तर त्या दिवशी कोणीच जाऊ नये, आणि वरच्या साहेबांना तसं सांगायला तू घाबरू नकोस. चीफने एवढं करावं. एक दिवस बातमी दुसऱ्याने आधी दिली तर देऊ दे.

काल तो फोटोवाला काका आला होता. चवथीचे फोटो छापून आणले होते. एकात तू मान वर करून माटोळीतलं तोरिंगण बघतेस, हातात सुपारीचा घोस. तो फोटो मी सोप्यावर लावलाय, आजोबांच्या जुन्या घड्याळाखाली. ते घड्याळ आता अडीच तास मागे केलंय. ऑक्टोबर संपता संपता तिथली वेळ बदलते म्हणतात, साडेतीन तास होतात. तेव्हा काटा परत फिरवीन. आई रात्री साडेअकरापर्यंत जागी असते, म्हणजे तुझे नऊ. रोज जमलं नाही तरी चालेल, पण बाहेरगावी गेलीस तर परत आल्यावर कर.

कोकमाची सोलां बांधून ठेवली आहेत. पत्ता कळव.

तुझा,
बाबा